नॅन्सी ड्रूच्या मुखपृष्ठावर नसलेलं नाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इथल्या पब्लिक लायब्ररीने मुलांसाठी वाचनाचा उपक्रम ठेवला होता. अमेरिकेत राहणाऱ्या आई-बाबांना हा प्रकार नवा नाही. जूनमध्ये शाळा सुटली की मुलांच्या हातात एक तक्ता येतो. पुस्तक वाचलं की एक चौकोन रंगवायचा आणि तक्ता भरला की छोटंसं बक्षीस. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या तक्त्यातला शेवटचा चौकोन होता आवडत्या लेखकाला पत्र लिहिण्याचा. तिने जराही विचार न करता जाहीर केलं, की ती कॅरोलिन कीनला लिहिणार. त्या उन्हाळ्यात तिने नॅन्सी ड्रूची आठ पुस्तकं फस्त केली होती. जेवताना पुस्तक, गाडीत पुस्तक, झोपताना पांघरुणाखाली टॉर्च आणि पुस्तक. पत्राचा मजकूर तयार होता. फक्त पत्ता शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मंडळी, मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. शोधणं हेच पोटापाण्याचं काम. पाच मिनिटांत पत्ता काढतो असं तिला सांगून लॅपटॉप उघडला आणि चाटच पडलो. कॅरोलिन कीन नावाची बाई नाही. आज नाही असं नव्हे, कधी नव्हतीच.

माझं बालपण नाशिकचं. घराजवळ एक छोटं वाचनालय होतं, दिवसाला एक रुपया भाडं. त्यात इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट. हार्डी बॉइज माझ्या वाट्याला आणि नॅन्सी ड्रू ताईच्या वाट्याला, अशी आमची वाटणी ठरलेली. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, त्याच्यावर आमचा जीव होता, पण तोही मुलगाच. स्वतः गाडी चालवत चोरांच्या मागे जाणारी, कुणाची परवानगी न मागणारी मुलगी ताईला पहिल्यांदा भेटली ती नॅन्सीमध्ये. ताईला फोन करून सांगितलं, की तुझी कॅरोलिन कीन म्हणजे नुसतं छापलेलं नाव होतं. ती थोडा वेळ गप्पच झाली. मग तिनेही तेच विचारलं, जे लेकीने विचारलं होतं. मग लिहायचं कोण?

त्याचं उत्तर शोधताना मला मिल्ड्रेडबाई सापडल्या. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, ओहायोतल्या टोलेडो शहरात त्यांनी आयुष्याची साठहून जास्त वर्षं काढली. मी त्या शहरावरून कितीतरी वेळा गाडी हाकत गेलो असेन.

मिल्ड्रेड ऑगस्टीनचा जन्म 10 जुलै 1905 चा, आयोवा राज्यातल्या लडोरा नावाच्या छोट्याशा गावातला. चहूकडे मक्याची शेतं, मधून जाणारी रेल्वे, आणि गावात ओळखीचेच चेहरे. वडील डॉक्टर. मिल्ड्रेडला वाचायचं भारी वेड आणि त्याहून जास्त वेड लिहायचं. त्या काळी अमेरिकेत सेंट निकोलस नावाचं मुलांचं मासिक फार मानाचं होतं. मुलांनी पाठवलेलं लेखन ते छापायचं आणि चांगल्या लेखनाला बिल्ले द्यायचं. 1919 मध्ये मिल्ड्रेडची एक छोटी गोष्ट त्यात छापून आली आणि तिला चांदीचा बिल्ला मिळाला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. आपण लेखिका होणार हे तिने त्यानंतर पक्कं ठरवून टाकलं.

पुढे ती आयोवा विद्यापीठात शिकायला गेली. अभ्यासाइतकीच पोहण्यात आणि पाण्यात सूर मारण्यात पटाईत. शिकता शिकता मुलांच्या मासिकांना गोष्टी विकून चार पैसेही मिळवायची. पदवी तिने तीन वर्षांतच, 1925 मध्ये घेतली. मग क्लिंटन गावच्या वृत्तपत्रात काही काळ नोकरी केली आणि पुन्हा विद्यापीठात आली. 1927 मध्ये त्या विद्यापीठातून पत्रकारितेची मास्टर्स पदवी घेणारी ती पहिली महिला ठरली. आज आपल्याकडच्या मुली मास्टर्स करायला इथे येतात तेव्हा त्यात काही विशेष वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी, शेतीच्या प्रदेशातून आलेल्या मुलीसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

याच दरम्यान तिची गाठ पडली एडवर्ड स्ट्रेटमायर या गृहस्थाशी. नॅन्सीची कथा या माणसाशिवाय पुरी होत नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडं सांगतो.

स्ट्रेटमायर स्वतः लेखक होते, पण त्याहून मोठे व्यवस्थापक होते. मुलांना पुस्तकांच्या मालिका हव्या असतात, एक संपलं की दुसरं लगेच हवं असतं, हे त्यांनी ओळखलं. एकटा माणूस लिहून लिहून किती लिहिणार? म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी एक कारखानाच काढला, स्ट्रेटमायर सिंडिकेट. पद्धत अशी. कथेचा आराखडा स्ट्रेटमायर स्वतः दोन-चार पानांत लिहीत. पात्रं कोण, रहस्य काय, शेवट कसा. तो आराखडा एखाद्या लेखकाला पाठवायचा. लेखकाने काही आठवड्यांत त्याचं दोनशे पानांचं पुस्तक करून द्यायचं. बदल्यात एकरकमी मानधन. रॉयल्टी नाही. मुखपृष्ठावर नाव सिंडिकेटने ठरवलेलं, आणि त्या नावावर मालकी सिंडिकेटची. लेखक सोडून गेला तर दुसरा आणायचा, वाचकाला पत्ताही लागत नाही. टॉम स्विफ्ट, बॉबसी ट्विन्स, हार्डी बॉइज, सगळं याच कारखान्यातलं. माझ्या बालपणीचा हार्डी बॉइजचा फ्रँकलिन डिक्सन हाही असाच हवेतला माणूस. सुरुवातीची पुस्तकं लिहिणारे लेस्ली मॅकफार्लेन हे कॅनडातले पत्रकार होते.

आमच्या क्षेत्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. वर कुणीतरी डिझाइन लिहितं, खाली कुणीतरी कोड लिहितं, आणि बाहेर जातं ते कंपनीच्या नावाने.

मिल्ड्रेडने सिंडिकेटची जाहिरात पाहून संपर्क साधला आणि 1926 मध्ये ती न्यूयॉर्कला जाऊन स्ट्रेटमायरना भेटली. त्यांनी तिला आधी रूथ फील्डिंग या जुन्या मालिकेतलं एक पुस्तक दिलं. ते जमलं. 1928 मध्ये तिचं लग्न झालं एसा वर्ट यांच्याशी. ते असोसिएटेड प्रेसमध्ये होते. दोघं क्लीव्हलंडला राहायला आली.

हार्डी बॉइजची मालिका 1927 पासून जोरात चालली होती. ती मुलीही वाचतात हे स्ट्रेटमायरच्या लक्षात आलं होतं. मग मुलींसाठी एक मुलगीच गुप्तहेर का असू नये? त्यांनी प्रकाशकाला नावं सुचवली. पहिली पसंती होती स्टेला स्ट्राँग. यादीत नॅन ड्रू असंही एक नाव होतं. ग्रॉसेट अँड डनलॅप या प्रकाशकाने ते उचललं आणि लांबवून नॅन्सी ड्रू केलं. आराखडे तयार झाले, मिल्ड्रेडकडे आले, आणि तिने आपल्या अंडरवूड टाइपरायटरवर पहिलं पुस्तक लिहिलं, जुन्या घड्याळाचं रहस्य. पुस्तकामागे 125 डॉलर. सोबत एक करारनामा. लेखनाचे सगळे हक्क सिंडिकेटचे, आणि कॅरोलिन कीन हे नाव आपलं म्हणून वापरायचं नाही. मिल्ड्रेडने सही केली. ती फसली नव्हती. करार काय आहे हे तिला नीट कळत होतं, आणि पैशाची गरज होती.

28 एप्रिल 1930 रोजी नॅन्सीची पहिली तीन पुस्तकं एकदम बाजारात आली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच स्ट्रेटमायर वारले. आपण काय जन्माला घातलं आहे हे त्यांना कधी कळलंच नाही.

आता जरा त्या नॅन्सीकडे बघू. सोळा वर्षांची मुलगी. रिव्हर हाइट्स नावाच्या गावात राहणारी. आई लहानपणीच गेलेली, वडील कार्सन ड्रू नामांकित वकील, घर सांभाळायला हॅना ग्रुएन. दाराशी निळी दोन सीटची गाडी, आणि ती गाडी नॅन्सी स्वतः चालवते. पहिल्याच पुस्तकात एका म्हाताऱ्याचं हरवलेलं मृत्युपत्र शोधायचं असतं. श्रीमंत, तोरा मिरवणाऱ्या टॉपहॅम कुटुंबाने सगळी इस्टेट लाटलेली असते आणि ज्यांना म्हाताऱ्याने वचन दिलं होतं ते गरीब नातेवाईक हातावर हात ठेवून बसलेले असतात. नॅन्सी शोधायला निघते. तळ्याकाठच्या बंगल्यात चोर तिला कपाटात कोंडून निघून जातात. कुणी राजकुमार येत नाही. ती स्वतःच डोकं चालवून दार उचकटायला लागते.

आराखडा स्ट्रेटमायरचा होता, हे खरं. पण आराखड्यात चालणं-बोलणं नसतं. कपाटात कोंडलेली मुलगी घाबरून रडते की कपाटातला दांडा ओढून काढते, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. तोपर्यंतच्या मुलींच्या पुस्तकांत नायिका बहुतेक वेळा लाजरी, भाबडी, नाहीतर कुणाच्या तरी आधाराने उभी. मिल्ड्रेडला तशी मुलगी लिहिता येत नव्हती. तळ्यात सूर मारणारी, एकटी न्यूयॉर्कला जाऊन काम मिळवणारी मुलगी तिच्या स्वतःच्या अंगात होती. तीच तिने कागदावर उतरवली.

काळ महामंदीचा. बँका बुडत होत्या, माणसं रस्त्यावर आली होती. अशा काळात पन्नास सेंटचं पुस्तक मुली साठवलेल्या पैशातून घेत होत्या आणि एक पुस्तक दहा जणींत फिरत होतं. मुलांच्या मालिकाच जास्त खपणार हा धंद्यातला ठाम समज. नॅन्सीने तो मोडला. मुलींची एक मालिका मुलांच्या मालिकांना मागे टाकते याची दखल 1934 मध्ये फॉर्च्यून मासिकालाही घ्यावी लागली. मंदीचा फटका लेखिकेला मात्र बसलाच. सिंडिकेट आता स्ट्रेटमायरच्या मुली, हॅरिएट आणि एडना, चालवत होत्या. त्यांनी मानधन 125 वरून 75 डॉलरवर आणलं. मिल्ड्रेडने नकार दिला. मग तीन पुस्तकं दुसऱ्याच एका लेखकाने लिहिली. मुखपृष्ठावर नाव तेच, कॅरोलिन कीन. थोड्या दिवसांनी मिल्ड्रेड परत आली. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस तिने लिहिली. 1938 आणि 1939 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने नॅन्सीवर चार चित्रपट काढले. हक्क आधीच देऊन टाकलेले असल्यामुळे त्यात तिला मागायला जागाच नव्हती.

नॅन्सी म्हणजे मिल्ड्रेडचं सगळं लेखन नव्हे. तिने आयुष्यात एकशे तीसच्या वर पुस्तकं लिहिली, निरनिराळ्या नावांनी. काही स्वतःच्याही नावावर. त्यातली तिची सगळ्यात लाडकी मालिका पेनी पार्करची, 1939 ते 1947 मधली सतरा पुस्तकं. पेनी ही वृत्तपत्राच्या संपादकाची मुलगी, बातमीच्या मागे धावता धावता रहस्य उकलणारी. आराखडाही मिल्ड्रेडचा, नावही तिचंच. आपल्याला पेनी नॅन्सीहून सरस वाटते हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. पण खपली नॅन्सी.

घरची परिस्थिती या काळात सोपी नव्हती. 1936 मध्ये मुलगी झाली. 1938 मध्ये कुटुंब टोलेडोला आलं. नवऱ्याला अर्धांगवायूचे झटके येऊ लागले. आजारी माणूस, लहान लेकरू आणि टाइपरायटर, असा संसार. परदेशात हाताशी माहेर-सासर नसताना ज्यांनी घर आणि नोकरी दोन्ही ओढलं आहे, त्यांना यात अधिक सांगायची गरज नाही. 1944 मध्ये तिने टोलेडो टाइम्समध्ये बातमीदाराची नोकरी धरली. महायुद्ध चालू होतं, पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून बायकांना जागा मिळत होत्या. लढाई संपली की आपल्याला घरी पाठवतील ही टांगती तलवार होतीच. एच-वन व्हिसावर दिवस काढलेल्यांना ही धाकधूक ठाऊक आहे. तिला कुणी घरी पाठवलं नाही. 1947 मध्ये एसा वर्ट वारले. 1950 मध्ये तिने टाइम्सचे संपादक जॉर्ज बेन्सन यांच्याशी लग्न केलं. ते 1959 मध्ये गेले. त्याच वर्षी तिचं शेवटचं पुस्तक आलं. इथून पुढे त्या मिल्ड्रेड बेन्सन, पूर्णवेळ पत्रकार. कोर्ट, नगरपालिका, शहरातल्या भानगडी, हे त्यांचं रोजचं काम.

एकटेपणाने खचून बसणारी ही बाई नव्हती. साठीच्या उंबरठ्यावर त्या विमान चालवायला शिकल्या आणि परवाना मिळवला. वृत्तपत्रात विमानोड्डाणावर सदर लिहू लागल्या. पुरातत्त्वाची आवड लागली तेव्हा मध्य अमेरिकेच्या जंगलात माया संस्कृतीचे अवशेष बघायला गेल्या. 1986 मध्ये नासाने पत्रकाराला अंतराळात पाठवायची योजना आखली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या या आजीबाईंनी अर्ज भरला! नॅन्सीची हिंमत कुठून आली हे शोधायला फार लांब जायला नको.

आता या कथेतला अवघड भाग.

1959 पासून हॅरिएट ॲडम्स यांनी जुनी पुस्तकं बदलायला घेतली. पंचवीस प्रकरणांची वीस केली. नॅन्सीचं वय सोळाचं अठरा केलं. जुन्या पुस्तकांत कृष्णवर्णीय आणि इतर परक्या वाटणाऱ्या माणसांची चित्रं फार हिणकस होती, ती काढली. हे करायलाच हवं होतं. पहिल्या पुस्तकाची 1930 ची मूळ आवृत्ती मी वाचली. त्यातला बंगल्याचा कृष्णवर्णीय राखणदार ज्या तऱ्हेने रंगवला आहे ते वाचून मला कसंसंच झालं. सावळ्या वर्णाच्या मुलीचा इथे राहणारा बाप म्हणून तर अधिकच. त्यात मिल्ड्रेडबाईंचाही वाटा आहे, तो झाकून चालणार नाही. पण या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट गेली. नॅन्सीचा फटकळपणा, पोलिसांनाही न जुमानणारा तिचा स्वभाव बराच मवाळ झाला. आमची लेक वाचते, ताईने वाचली, ती ही दुसरी नॅन्सी.

हॅरिएटबाईंचं कामही थोडं नव्हतं. वडिलांमागे कारखाना त्यांनी अर्धशतक चालवला, आराखडे लिहिले, नंतरची बरीच पुस्तकं स्वतः लिहिली. पण पुढे पुढे त्या मुलाखतींतून सांगू लागल्या, की कॅरोलिन कीन म्हणजे मीच. पहिल्या पुस्तकापासून सगळं माझंच. टोलेडोत कोर्टाच्या बातम्या लिहिणाऱ्या मिल्ड्रेडबाईंचं नाव त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी आरडाओरड केली नाही. 1973 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नियतकालिकात आपण हे लेखन कसं केलं यावर एक लेख लिहिला. तो किती जणांनी वाचला असेल? नॅन्सीचा एक चाहता, व्यवसायाने चेलोवादक, जुनी पुस्तकं आणि कागद चाळत त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. नॅन्सीच्या वाचकाने नॅन्सीच्याच पद्धतीने नॅन्सीची लेखिका शोधली, म्हणा ना.

जगाला कळलं ते 1980 मध्ये, आणि तेही भलत्याच भांडणातून. सिंडिकेटने नवी पुस्तकं जुना प्रकाशक सोडून सायमन अँड शुस्टरला दिली. ग्रॉसेट अँड डनलॅप कोर्टात गेले. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात त्यांनी साक्षीदार म्हणून मिल्ड्रेडबाईंना बोलावलं. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाई साक्षीला उभ्या राहिल्या. हॅरिएटबाईंना वाटत होतं की त्या केव्हाच वारल्या असतील. जुने करारनामे, पत्रव्यवहार कोर्टासमोर आले, आणि सुरुवातीची पुस्तकं कुणी लिहिली हे कागदोपत्री सिद्ध झालं. निकालात जुन्या पुस्तकांची बांधीव आवृत्ती जुन्या प्रकाशकाकडे राहिली आणि नवी पुस्तकं दुसरीकडे द्यायची सिंडिकेटला मोकळीक मिळाली. मिल्ड्रेडबाईंना यातून पैसा मिळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तो मागितलाही नाही.

या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबलो. नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही असाच कागद सही करून दिला आहे. इथे काम करताना जे काही कराल ते कंपनीचं. पहिल्या नोकरीत मी दोन वर्षं खपून एक प्रणाली उभी केली. पुढे एका बैठकीत वरिष्ठाने ती आपली म्हणून सादर केली. मी मागच्या खुर्चीत बसून होतो. पगार वेळेवर मिळाला होता, करार मोडला नव्हता, तरी त्या रात्री झोप लागली नाही. का लागली नाही हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मिल्ड्रेडबाईंचं वाचून कळलं. कामाचे हक्क विकता येतात, त्यात गैर काही नाही. पण हे मी केलं ही घडून गेलेली गोष्ट आहे. ती कुणाला विकताही येत नाही आणि दुसऱ्याला विकत घेताही येत नाही. मिल्ड्रेडबाईंनी 125 डॉलर घेतले त्याबद्दल कधी गळा काढला नाही. फक्त शपथेवर विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. मी त्या बैठकीत तेवढंही केलं नव्हतं.

कोर्टात सिद्ध झालेलं घरोघरी पोहोचायला आणखी तेरा वर्षं लागली. 1993 मध्ये आयोवा विद्यापीठाने नॅन्सी ड्रूवर परिषद भरवली आणि आपल्या या माजी विद्यार्थिनीचा गौरव केला. देशभरच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या. त्यांचा अंडरवूड टाइपरायटर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 2001 मध्ये मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेने त्यांना विशेष एडगर पुरस्कार दिला. सँड्रा डे ओकॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग, सोनिया सोटोमायोर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या या तिन्ही न्यायमूर्तींनी लहानपणी आपण नॅन्सी वाचायचो हे सांगितलं आहे. खुद्द मिल्ड्रेडबाईंना मात्र सारखं नॅन्सीविषयी विचारलेलं फार आवडत नसे. त्यांना उद्याच्या अंकाची घाई असे.

कारण त्या अजून नोकरी करत होत्या. टोलेडो टाइम्स 1975 मध्ये बंद पडला, तशा त्या टोलेडो ब्लेडमध्ये गेल्या. नव्वदी ओलांडल्यावर फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तरी काम चालूच. 28 मे 2002 रोजी त्या नेहमीप्रमाणे कचेरीत आपल्या टेबलाशी लिहीत होत्या. तिथेच अस्वस्थ वाटू लागलं. त्याच संध्याकाळी त्या गेल्या. वय 96. टोलेडोच्या वृत्तपत्रांत 58 वर्षं नोकरी झाली होती.

1 जानेवारी 2026 पासून नॅन्सीची 1930 सालची चार पुस्तकं अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळी झाली. आता ती कुणीही छापू शकतं. मुखपृष्ठावर कुठलं नाव टाकायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पत्राचं काय झालं ते राहिलंच. मी लेकीला ही सगळी हकिगत सांगितली, दोन रात्री लागल्या. तिला राग आला तो करारावर नाही, कोर्टावर नाही. हॅरिएटने मीच लिहिलं असं का म्हणावं, एवढंच ती विचारत राहिली. तक्त्यातला चौकोन रंगवायला तिने पत्र लिहिलं, मिल्ड्रेड बेन्सन यांच्या नावाने. पाठवायला पत्ता नव्हता, म्हणून लायब्ररीतल्या बाईंनी ते मुलांच्या विभागात फलकावर लावलं.

लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून एका डॉलरला घेतलेलं जुन्या घड्याळाचं रहस्य आमच्या घरी आहे. पिवळ्या पाठीचं, कोपरे झिजलेलं. परवा ते सहज उघडलं. आतल्या पानावर छापलेल्या कॅरोलिन कीनच्या खाली पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, मिल्ड्रेड ऑगस्टीन वर्ट बेन्सन. रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेल्या देवनागरीत. वर्टमधला रफार चुकीच्या अक्षरावर होता. मी तो तसाच राहू दिला.